कोरी जागा

मी मोडी वाचतो. पानाला साठ रुपये,
कसर लागली असेल तर ऐंशी.
लष्करात, जयेंद्रगंजच्या मागल्या बोळात,
झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली.

सुखटणकर आले ते रुमाल काखेत मारून,
दोनशे वर्षांची गाठ, दातांनी सोडवावी लागली.
म्हणाले, मूळपुरुष रघोबा, गोव्याहून आले,
फिरंगी बोली येई, म्हणून तोफखान्यावर दुभाषे.
कुळाचा इतिहास छापायचाय. मे महिन्यात नातीचं लग्न.

कागद गंधकाचे, शिशाचे, बैलांच्या पेंडीचे.
मधेच एक जाड, दोन्ही अंगांनी लिहिलेला:
'मुसा लमुवान गोलंदाज याचे वडील बंधूचें वर्तमान,
पत्र चवदा महिन्यांनीं पावलें, त्याणें वाचिलें, आम्हीं लिहिलें.'

बंधू गास्पार. नांत बंदरच्या सावकाराचा पोर.
'बापाचीं जहाजें माणसें भरोन जात,
साखर भरोन येत.
सतरावे वर्षीं वहीवर बसविला.
रकान्यांत नग तीनशें बारा, उतरले दोनशें सत्तर.
बापास पुसिलें, बाकीच्यांचीं नांवें काय.
बाप हंसला.'

मग तो पॅरिसला गेला, ग्रंथ लिहिला,
राजाला खाली खेचणाऱ्या सभेत निवडून आला.
आवाज बारीक, घसा कायम बसलेला.
समोरचे ओरडत, ज्या पैशावर शिकलास तो कुठला, ते सांग आधी.
तो म्हणे, तेच तर सांगतोय.
नांतला आईनं दार लावून घेतलं.

'आश्विनांत त्याचेच लोकांनीं गाडींत घालोन नेला,
डोकें उतरविलें.
माघांत त्याच सभेनें टाळ्या पिटोन ठराव केला कीं,
आजपासोन कोणी कोणाचा'

इथे जागा कोरी आहे.
आधी 'गुलाम' लिहून खोडलंय.
मग 'बटीक'. तेही.
मग बोरू पुन्हा बुडवल्याचा एक ठिपका
आणि सुपारीएवढा मोकळा कागद.
अख्ख्या रुमालात हा माणूस कुठेच अडलेला नाही.
गरनाळ, बत्ती, चाकाची आरी,
प्रत्येक फिरंगी वस्तूला याच्यापाशी शब्द तयार.

उरवाईच्या उतारावर तंबू असेल त्यांचा,
वर खडकात कोरलेले तीर्थंकर, तोंडं फोडलेली.
गोलंदाज रडत असेल. भाऊ गेल्याचं
त्याला सव्वा वर्षानं कळत होतं.
रघोबा मान खाली घालून लिहीत असतील.
पाणी कोणी आणून दिलं असेल?

तिसऱ्या कागदावर कळलं. अक्षर तेच,
तिथी नऊ दिवस आधीची.
'कुणबीण १, वय अजमासें तेरा, रंग सांवळा,
उजवे गालीं तीळ. किंमत रुपये ५५.
मुसा मजकूर यांस दिली.'

आणि समासात, वेगळ्या शाईत, उभं:
'नांव पुसिलें. चिमी म्हणाली.
आईचें नांव ठाऊक नाहीं.'

नांतचा पोर तिकडे जे विचारून बसला होता
ते इकडे एका कारकुनानं विचारलं,
विकून झाल्यावर.
सुटली का पुढे? शोधलं.
पुढच्या कागदांत बैल आहेत. पेंड महागली आहे.
गोलंदाजाला तापावर कुनैन की काय पाठवलंय.

सुखटणकरांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.
म्हणाले, फ्रेंच माणूस घ्या, शोभेल इतिहासात.
दुभाष्याचं तर घ्याच.
ते पंचावन्न रुपयांचं मात्र राहू द्या.

मी बिल केलं. एकशे चार पानं,
त्यात ते पान धरून. समासाचे वेगळे.
कोऱ्या जागेचे पैसे लावले नाहीत.
लिप्यंतरात तिथे पेन्सिलीनं
एक शब्द घालून पाहिला,
आणि खोडरबर मागायला
खाली झेरॉक्सवाल्याकडे गेलो.